झंझावीराची चड्डी आणि अंतर्मन

झंझावीराच्या अंतर्मनात मी शिरले ती कुठल्या ग्रंथाच्या महाद्वारातून नव्हे, त्याच्या चड्डीच्या इलॅस्टिकमधून. हे वाक्य मी निबंधाच्या सुरुवातीला घातलं होतं. नवऱ्यानं वाचून "हे काढ" म्हटलं, म्हणून इथं वापरते आहे. चांगलं वाक्य आणि चांगलं कापड मी फेकून देत नाही.

मी कपडे दुरुस्त करते. शिवत नाही, दुरुस्त करते. पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं, झिजलेली कॉलर उलटवणं, कंबर सैल करणं. (कंबर घट्ट करायला आजवर फारसं कुणी आलेलं नाही.) पुढच्या खोलीत खिडकीपाशी मशीन आहे आणि मशीनशेजारी वाचनालयातलं एखादं पुस्तक पालथं पडलेलं असतं. गिऱ्हाईक पडद्याआड कपडा घालून बघत असतं तेवढ्यात मी पान-दीड पान उरकते. माझं शाळेनंतरचं सगळं शिक्षण असं पडद्यापलीकडे कुणीतरी पँट चढवत असताना झालेलं आहे. त्यामुळे ते सलग नाही. पण शिलाई पक्की आहे.

तर त्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या वहिनी त्यांच्या धाकट्याचा झंझावीराचा पोशाख घेऊन आल्या.

"इलॅस्टिक गेलंय हो चड्डीचं. काल उडी मारली आणि सगळं खाली. झंझावीर वर आणि चड्डी खाली."

झंझावीर ज्यांना ठाऊक नाही अशा भाग्यवंतांसाठी सांगते. हा चित्रकथांमधला महाबली आहे. निळा अंगाबरोबरचा पोशाख, पाठीवर लाल झूल, आणि त्या निळ्या विजारीवरून लाल चड्डी. एरवी तो एका कचेरीत 'हरवलं-सापडलं' खिडकीवर कारकून असतो. चष्मा लावतो, खांदे पाडून बसतो, साहेबाची बोलणी खातो. कुठं आकांत ऐकू आला की खिडकीवर 'जेवणाची सुट्टी' अशी पाटी लावतो, चष्मा काढतो आणि उडतो. शहरावरची संकटं नेमकी जेवणाच्या सुट्टीत कशी येतात, हे विचारायचं नसतं.

नेमकं तेव्हाच मी मनोविश्लेषणावरचं एक जाडजूड पुस्तक वाचत होते. माणसाच्या मनाला म्हणे तळघर असतं. जे चारचौघांत दाखवायची सोय नाही ते आपण तळघरात कोंबतो आणि वर सतरंजी घालून बसतो. पण कोंबलेलं गप्प बसत नाही, वेश बदलून वर येतं. एवढं वाचलं आणि माझ्या हातात ती चड्डी. डोक्यात लख्ख उजेड पडला. जो माणूस दिवसभर सगळं आत दाबून ठेवतो, त्याची आतली वस्तू बाहेर येणारच! विजारीवरून चड्डी म्हणजे शिंप्याची चूक नव्हे, अंतर्मनाचा जाहीरनामा आहे!

नवरा कामावरून आला तसं मी त्याला दारातच हे सांगितलं. माझा नवरा लिफ्ट तपासनीस आहे. उंच इमारतींतल्या लिफ्ट तपासून त्या सुरक्षित आहेत असा दाखला देतो आणि स्वतः जिन्यानं जातो. मनाच्या वरच्या-खालच्या मजल्यांबद्दल त्याला आस्था वाटावी अशी माझी अपेक्षा होती.

"अहो, कारकून म्हणजे बाह्यमन आणि झंझावीर म्हणजे अंतर्मन! माणूस एकच, पण मधे भिंत!"

त्यानं बूट काढले, मोजे बुटांत कोंबले आणि विचारलं, "इलॅस्टिक बदललंस का पण?"

एवढ्यावर मी थांबले असते तर आज मानानं जगत असते. पण मला निबंध सुचला होता, आणि निबंध सुचणं हे गळू येण्यासारखं आहे. फुटल्याशिवाय चैन पडत नाही.

आमच्या वाचनालयाचं एक चिंतन मंडळ आहे. दर महिन्याला बैठक होते, कुणीतरी निबंध वाचतं, मग अध्यक्षीय समारोप आणि शेवटी आभार. आभार मी मानते. मंडळात आले तेव्हापासून मीच मानते. "आभार बाईंनी मानावेत, त्यांना छान जमतं," असं पहिल्याच बैठकीत अध्यक्ष म्हणाले आणि तो शब्द कपाळी चिकटला. आभार मानणं हे मोठं अजब काम आहे. तुम्ही बोलत असता तेव्हा सभा चपला शोधत असते. इतक्या वर्षांत मी काय काय बोलून गेले आहे! एकदा तर एका वक्त्याच्या निबंधातला ढळढळीत दोष आभारांतच दाखवला होता. तो वक्ता "फार गोड बोललात" म्हणून निघून गेला. त्या मंचावर एकदा, फक्त एकदा, लोक बसलेले असताना बोलायचं, ही माझी तळघरातली इच्छा.

मंडळाचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त प्राचार्य. आम्ही त्यांना सर म्हणतो. ते सडपातळ, सभ्य, एकटे राहणारे गृहस्थ आहेत. कुठल्याही ऋतूत अंगात जाड करड्या लोकरीचा स्वेटर असतो. सरांचा आवाज उभ्या आयुष्यात चढलेला नाही. ते 'मी' म्हणत नाहीत, 'प्रस्तुत वक्ता' म्हणतात. आणि बोलणं नेहमी 'अर्थात'ने सुरू करतात, म्हणजे आधीचं वाक्य आपल्याला माहीत असायला हवं होतं असं वाटून आपण शरमतो.

"अर्थात विषय पोरकट आहे," सर म्हणाले.

"पोशाख पोरकट आहे, सर. मन मोठ्या माणसाचं आहे."

"अर्थात सुसंस्कृत माणसाला अंतर्मन नसतं, बाई. आणि असलंच तर तो ते बाहेर काढत नाही." त्यांनी स्वेटरचं सगळ्यात वरचं बटण लावलेलं आहे ना ते चाचपून पाहिलं. "पण वाचा. वक्ता मिळालेला नाही या महिन्यात. आभारही तुम्हीच माना, तुम्हाला जमतं."

म्हणजे माझे आभार मीच मानायचे. तरीही हरखून मी ग्रंथपालांकडे सभागृह मागायला गेले.

आमचे ग्रंथपाल सज्जन आहेत, पण त्यांच्या वहीत दोनच रकाने आहेत: बालविभाग आणि प्रौढविभाग. मधे काही नाही. मधल्या वयात आपण वाचत नाही अशी त्यांची समजूत असावी.

"विषय?"

"झंझावीराचं दुभंगलेलं मन."

"झंझावीर बालविभागात येतो."

"मन येतं ना प्रौढविभागात?"

त्यांनी बराच वेळ पेन चावलं. "मन आरोग्यात येतं. आरोग्य दोन्हीकडे आहे. मग झंझावीर आणि आरोग्य मिळून बालविभाग."

"अहो, पण ऐकणारे सत्तरीचे आहेत!"

"बाई, ऐकणाऱ्याच्या वयावर दालन देता येत नाही. उद्या म्हणाल, वाचणाऱ्याच्या अकलेवर पुस्तक द्या."

दुसऱ्या दिवशी फाटकाजवळच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं होतं: 'झंझावीराचे आरोग्य. बालदालन.' आणि त्याखाली, खडूनं नव्हे, तैलरंगानं: 'मुलांनी वेशभूषा करून यावे.' ही ओळ मागं कधीतरी झालेल्या स्पर्धेसाठी पेंटरकडून रंगवून घेतली होती आणि रंग उत्तम निघाल्यामुळे आजवर गेली नव्हती. तिच्या वरच्या जागेतच गणिताच्या शिकवणीची आणि दंतचिकित्सेचीही जाहिरात होऊन गेली आहे.

मी मनात म्हटलं, कोण वाचतंय फळा!

वहिनी वाचत होत्या. संध्याकाळी त्या दारात, मागे आणखी चार आया.

"काय हो, सांगायचं नाही होय! तुमचा कार्यक्रम आणि आम्हाला फळ्यावरून कळावं? बरं, वेशभूषा सांगितलीय तर झूल तुम्हीच शिवायची ना?"

"वहिनी, मी शिवत नाही. दुरुस्त करते. आणि तो निबंध आहे, मनोविश्लेषणात्मक."

"असू द्या की निबंध. मुलं झूल घालून ऐकतील."

इथं खरं तर मी ठामपणे 'नाही' म्हणायला हवं होतं. त्या जाड पुस्तकात 'नाही' म्हणू न शकणाऱ्या माणसावर एक अख्खं प्रकरण आहे. मी ते दोनदा वाचलं होतं. पण माझ्या तोंडून काय बाहेर पडलं असेल? "लांबी गुडघ्यापर्यंत ठेवायची की पोटरीपर्यंत?"

मग काय, करायला गेले काय आणि वरती झाले पाय! आमच्या पुढच्या खोलीत लाल कापडाचा पूर आला. खुर्चीवर झुली, खाटेवर झुली. नवरा जेवायला बसला की त्याला आधी ताट शोधावं लागे. मी एका हातानं कापड मशीनखाली सरकवत होते आणि दुसऱ्या हातानं निबंध लिहीत होते. एक परिच्छेद टाचणीनं झुलीलाच टोचला गेला आणि एका गिऱ्हाइकाबरोबर गेला. त्यांच्या मुलानं तो परत आणून दिला आणि वर म्हणाला, "काकू, आई म्हणाली काहीच कळलं नाही."

पण निबंध मात्र फुलत होता. चड्डीचा भाग झाला. चष्म्याचा झाला. ऑफिसच्या कपड्यांखाली दिवसभर तो तंग पोशाख घालून बसणाऱ्या माणसाला घामोळं येत असणार आणि शू करायला जाताना काय अनर्थ ओढवत असणार, हा शरीर आणि मनाच्या संबंधाचा भाग तर मी शिवणाच्या अनुभवातून लिहिला होता. असा विचार जगात कुणी केला नसेल. आणि शेवटच्या पानावर माझा सिद्धान्त होता.

तो असा. लोक हसतात, की चष्मा काढला म्हणून शेजारच्या टेबलावरची बाई त्याला ओळखत कशी नाही? माझं म्हणणं, ओळखते! सगळी कचेरी ओळखते. साहेबसुद्धा ओळखतो. पण ओळख दाखवत नाहीत. कारण एकदा 'तो तूच' म्हटलं, की मग त्याला छत्र्या आणि किल्ल्या शोधायला कोण लावणार? त्याच्यावर ओरडणार कोण? तेव्हा दुभंगलेलं मन त्या बिचाऱ्याचं नाहीच. ते कचेरीचं आहे. त्याची भिंत त्यानं बांधलेली नाही. ती इतरांनी आपल्या सोयीसाठी बांधली आहे आणि रोज सगळे मिळून तिला चुना लावतात.

हे पान मी नवऱ्याला वाचून दाखवलं. त्यानं झुलीखालून ताट ओढलं आणि म्हणाला, "हे चांगलंय." आमच्या संसारात हा शब्द फार जपून वापरला जातो. मी दोन दिवस हवेत होते.

तेवढ्यात नणंद आली. कुणी बोलावलं नसताना येणं आणि कुणी विचारलं नसताना सांगणं या दोन्ही कलांत ती निपुण आहे.

"वहिनी, एवढं जाहीर करण्याआधी घरात बोलायचं होतंस गं."

"काय जाहीर?"

"त्या झुलीला टोचलेल्या कागदावरून सगळीकडे बोलणं चाललंय. नवऱ्याचं दुसरं रूप सभेत उघडं करणार आहेस म्हणे. दिवसा गरीब गाय आणि जेवणाच्या सुट्टीत भलतंच! कोण आहे ती?"

"कोण ती?"

"शेजारच्या टेबलावरची!"

मी कपाळावर हात मारला. बोटात टाचणी होती हे विसरले. "अगं, ते चित्रकथेतलं आहे! तुझ्या भावाला दुसरं रूप कसलं? त्याला पहिलंच जेमतेम आहे!"

हे मी जरा मोठ्यानं बोलले आणि नेमका तो दारात उभा होता. वाईट वाटलं असेल असं समजून मी काही बोलणार, तर हा केस विंचरून आला होता. छाती पुढे. त्याच्या कचेरीतही ही कुणकुण पोहोचली होती आणि सकाळपासून लोक त्याच्याकडे आदरानं बघत होते. साहेबानं आपणहून बसायला खुर्ची दिली.

"तू कशाला खुलासे करत बसतेस?" तो नणंदेसमोर मला म्हणाला. "लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे. निबंध वाच तू."

जन्मभर ज्या माणसाच्या सरळपणाची मी चारचौघांत ग्वाही दिली, तो संशयानं इतका खुलेल असं कुणाला वाटलं असतं! मनोविश्लेषकाचं हेच दुर्दैव. गावभरच्या तळघरांत बॅटरी मारत हिंडायचं आणि आपल्या घरचा बल्ब गेलेला.

आता झुलींना गळ्याशी काय लावायचं हा प्रश्न उरला होता. नाडी नको, गळ्याला फास बसतो. म्हणून वेल्क्रो आणलं. वेल्क्रोची एक पट्टी खरखरीत असते, बारीक आकड्यांची. दुसरी मऊ, केसाळ. दोन्ही भेटल्या की एकमेकींना धरतात. ते बघून मला निबंधासाठी नवा दृष्टान्त सुचला: बाह्यमन खरखरीत, अंतर्मन मऊ, आणि माणूस म्हणजे दोहोंची पकड! इतका आनंद झाला की तो परिच्छेद मनात घोळवत घोळवत मी सगळ्या झुली एका बैठकीत संपवल्या. आणि संपवल्यावर पाहिलं, तर सगळ्या झुलींच्या दोन्ही टोकांना खरखरीत पट्टीच लावलेली. मऊ पट्ट्यांचं गुंडाळं जसंच्या तसं माझ्या मांडीवर. अंतर्मनाला मी निबंधात एवढं मानाचं स्थान दिलं आणि शिवताना पार विसरले.

उसवायला वेळ नव्हता. वहिनी मात्र म्हणाल्या, "अहो, स्वेटरला मस्त चिकटतंय हे! थंडी आहेच. घालतील स्वेटर. उगाच कशाला उसवता?"

कार्यक्रमाच्या दिवशी बालदालन गच्च भरलं होतं. बालदालनातल्या खुर्च्या बालांच्या मापाच्या. चिंतन मंडळाचे ज्येष्ठ सभासद त्यांवर गुडघे हनुवटीला टेकवून ओळीनं बसले होते. त्यांच्या मागं, पुढं आणि मधोमध स्वेटरांवर लाल झुली घातलेले लहान लहान झंझावीर. माझा नवरा मागच्या भिंतीला टेकून उभा, केस विंचरलेले, लोकांना आपल्याकडे बघू देत.

मी उभी राहिले. लोक बसलेले होते! कुणी चपला शोधत नव्हतं! मी सुरुवात केली.

खोटं कशाला सांगू, चड्डीचा भाग रंगला. मुलं खिदळली, आयाही खिदळल्या, आणि मंडळातले एक आजोबा इतके हसले की खुर्चीतून निघेनात. घामोळ्याच्या भागाला तर एक मुलगा उभा राहून ओरडला, "मग तो शू कुठे करतो?" आणि मी म्हटलं, "बाळ, तोच पुढचा परिच्छेद आहे." असा श्रोता भाग्यानं मिळतो.

पण प्रश्न विचारून त्या श्रोत्याला स्वतःलाच लागली. परिच्छेद संपताच तो उठला आणि पळाला. त्याच्या झुलीची खरखरीत टोकं शेजारणीच्या स्वेटरात अडकलेली होती. शेजारीण त्याच्याबरोबर ओढली गेली, तिच्याबरोबर तिचा भाऊ, भावाबरोबर पुढची ओळ. क्षणात अख्खं बालदालन एका लांबलचक लाल जनावरासारखं दाराकडे सरकलं आणि उंबऱ्यात कोसळलं. ते कोसळलं दारालगतच्या पहिल्या ओळीवर, आणि तिथंच सर बसले होते. एक चिमुरडी थेट सरांच्या पाठीवर जाऊन पडली आणि घाबरून तिनं त्यांच्या गळ्याला मिठी मारली. तिच्या आईनं तिला सोडवली, ओढून काढली, कडेवर घेतली. चिमुरडी निघाली, झूल राहिली. सरांच्या करड्या स्वेटरच्या दोन्ही खांद्यांवर दोन टोकं अशी घट्ट बसली, जशी काही मापं घेऊन शिवली असावीत. लाल कापड पाठीवर रुळत कंबरेपर्यंत उतरलं.

सरांना त्यातलं काहीच जाणवलं नाही. लोकर जाड, आणि लक्ष सगळं गुडघ्यांची धूळ झटकण्यात. मग ते मंचावर आले आणि अतिशय सौम्यपणे माझ्या हातातला माईक काढून घेतला.

"अर्थात आता थांबावं हे बरं. बाईंनी प्रयत्न केला. प्रस्तुत वक्ता समारोप करील."

माझं शेवटचं पान हातातच होतं. चड्डी झाली, चष्मा झाला, शू झाली, सिद्धान्त राहिला. लोकांना वाटणार, बाईंनी चड्डीवर निबंध लिहिला. मी काही बोलेपर्यंत सर सभेकडे वळले होते, आणि सभा त्यांच्याकडे बघत होती.

मागून एक बारीक आवाज आला, "झंझावीर!"

"झंझावीर! झंझावीर!" सगळी मुलं ओरडायला लागली.

सरांनी चमकून पाहिलं. उभ्या आयुष्यात त्यांच्या समारोपाला कुणी टाळी वाजवली नव्हती. त्यांनी घसा साफ केला. "अर्थात, सुसंस्कृत माणूस आपलं मन आवरून धरतो," ते म्हणाले. "हुर्रे!" पोरं म्हणाली. सरांचा आवाज थोडा चढला. "मनाचे लगाम हाती ठेवतो!" "हुर्रे!" खांदे मागे गेले. झूल सळसळली. "आणि मी सांगतो," सर गरजले, होय, 'मी'! "मी सांगतो, या तळघरातल्या अंधाराला भिऊ नका!" असं म्हणून त्यांनी उजव्या हाताची मूठ आभाळाकडे, म्हणजे बालदालनाच्या पंख्याकडे उगारली.

ज्या माणसाला अंतर्मनच नव्हतं, त्याचं अंतर्मन त्याच्या पाठीवर फडफडत होतं आणि त्याला सोडून सगळ्यांना दिसत होतं.

कुणी सांगितलं का? मी एकेकाकडे बघितलं. ग्रंथपाल छताकडे बघत होते. सर वाचनालयाच्या समितीवर आहेत. मंडळाचे सभासद चष्मे पुसत होते; पुढच्या महिन्यात निबंध कुणाचा, हे सर ठरवतात. वहिनी तोंडात रुमाल कोंबून बसल्या होत्या. ज्या चिमुरडीची झूल होती तिच्या आईनं तिच्या तोंडावर हात ठेवला होता. प्रत्येकाची आपली सोय. माझा सिद्धान्त माझ्या डोळ्यांसमोर, बालविभागाच्या खुर्च्यांवर, गुडघे पोटाशी घेऊन बसला होता, आणि तो वाचून दाखवायची सोय राहिली नव्हती.

समारोप संपला. "आता आभार," सर म्हणाले. ते घामाघूम झाले होते, आणि कधी नव्हे ती गालांवर लाली होती. त्यांनी माईक माझ्या हातात दिला.

चार शब्द बोलायचे होते. 'सर, तुमच्या पाठीवर बघा.' सभा बसलेली होती. चपलांचा विचार कुणाच्या मनात नव्हता. माझं शेवटचं पान त्या चार शब्दांत अख्खं सिद्ध झालं असतं आणि मंडळाच्या इतिहासात माझं नाव राहिलं असतं. मी सरांकडे पाहिलं. ते अजून धापा टाकत होते आणि त्या मुलांकडे असं बघत होते, जसं पहिल्यांदा सायकलवर तोल साधलेलं पोर मागं वळून बघतं.

मी आभार मानले. अध्यक्षांचे, ग्रंथपालांचे, पालकांचे. लोकांनी चपला शोधल्या.

सर तसेच घरी गेले, भर बाजारातून. आम्ही दोघं मागून चाललो होतो. फळवाल्यानं त्यांना नमस्कार केला. औषधाच्या दुकानदारानं केला. बस थांब्यावरची माणसं बाजूला झाली. कुणी एक अक्षर बोललं नाही. वाऱ्यानं झूल उचलली की सर नुसते थोडे ताठ होत, इतकंच.

"सांगायला हवं होतंस," नवरा म्हणाला.

"तुम्ही का नाही सांगितलंत?"

त्यानं विंचरलेल्या केसांवरून हात फिरवला. "कुणाला कशात बरं वाटतं, आपण कशाला मधे पडा."

पुढच्या आठवड्यात एका सकाळी मी एका पँटची चेन उसवत होते, तोच दारात सर. हातात कापडी पिशवी. ते आमच्याकडे आजवर कधी आले नव्हते. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"अर्थात," ते म्हणाले, आणि पुढचं वाक्य त्यांना सापडेना. पिशवीतून त्यांनी झूल काढली. नीट घडी घातलेली, इस्त्री केलेली. "हा... हा प्रकार माझ्या घरी आढळला."

"हो का? कुणा मुलाचा राहिला असेल."

"कुणी मागायला आलं नाही."

"मग नको असेल त्यांना."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मी चेनीकडे पाहिलं. घरी गेल्यावर आरशासमोर काय झालं असेल, किती वेळ ते तिथं उभे राहिले असतील, याचं विश्लेषण मला करता आलं असतं. तेवढं पुस्तक माझं वाचून झालं आहे. मी केलं नाही.

"तर म्हटलं, ठेवून घ्यावा," सर म्हणाले. "नातवासाठी."

सरांनी लग्न केलेलं नाही. हे सगळ्या मंडळाला माहीत आहे. मलाही माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत आहे. खोलीत आमची दोघांची मिळून चार मनं होती आणि चारही गप्प होती.

"छान," मी म्हटलं.

"लांडा पडतो पण. नातवाला."

"वाढवून देते. सर, माझं शेवटचं पान वाचायचं राहिलं त्या दिवशी."

त्यांनी झुलीची घडी पुन्हा सरळ केली. "पुढच्या बैठकीला पूर्ण निबंध वाचा. सुरुवातीपासून. प्रौढविभागाच्या सभागृहात. ग्रंथपालांना सांगतो मी."

"आणि मधेच समारोप?"

"होणार नाही."

"आभार?"

"ते मी मानीन," सर म्हणाले. "कधी मानलेले नाहीत. जमतील का बघतो."

मी गळ्यातली टेप काढली. "किती उंच आहे नातू?"

"माझ्याएवढाच धरा."

मी त्यांच्या पाठीमागं गेले, टेपचं टोक स्वेटरच्या खांद्यावर धरलं आणि खाली सोडलं. सरांनी छाती पुढे काढली, मान वर केली.

"सर, नेहमीसारखे उभे राहा. असं ताठ राहिलात तर माप चुकेल."

"ताठच घ्या," सर म्हणाले. "तो असाच उभा राहतो."